खाजतंय, असं सांगायचं

आंब्याची आढी लागली की साऱ्या रत्नागिरीच्या तोंडाला पाणी सुटतं आणि माझ्या डाव्या कोपराच्या लवणीत खाज सुटते. गेल्या आठवड्यात कचेरीतून येताना आमच्या यजमानांनी हापूसच्या दोन पाट्या आणल्या. माजघरात भाताचा पेंढा पसरला, त्यावर आंबे ओळीने मांडले, वरून गोणपाट घातलं. चार दिवसांनी घरभर वास सुटला. शेजारीण दारातूनच म्हणाली, "काय गो, मजा आहे तुमची!" मी हसले आणि पदर कोपरावर ओढून घेतला. मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या पाठी दर चैत्रात येतो आणि त्याच्या अंगाला हापूसचा वास येतो.

त्या मोसमाला आता सोळा वर्षं झाली. मी अकरा वर्षांची होते. आमचं गाव रत्नागिरीपासून चालत दीड-दोन तासांवर, खाली समुद्र आणि वर जांभ्याचा सडा. सड्याच्या उतारावर आमची दहा-बारा कलमं. बाबा मुंबईला एका पेढीवर गुमास्ते होते. ते शिमग्याला आगबोटीने यायचे आणि आंबा उतरायच्या आत परत जायचे. घरात आई, थोरले काका, थोरली काकू आणि मी. काकूला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मला दोन आया होत्या, एक लाड करणारी आणि एक कान पिळणारी. घाबरण्यात मात्र दोघी सारख्याच, हे मला त्या वर्षी कळलं.

काका घळीने आंबे काढायचे. घळ म्हणजे लांब काठीच्या टोकाला बांधलेली जाळी. ती खाली आली की त्यातले आंबे काढून घ्यायचं काम माझं. देठ मोडला की चीक चिळकन उडतो, पाण्यासारखा पातळ आणि वासाला झणझणीत. अंगाला लागला तर कातडी भाजल्यासारखी काळी पडते. आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. चैत्रात तोंडावर चिकाचा डाग नसलेलं पोर दिसलं तर ते मुंबईहून आलेलं पाहुणं समजावं. खोबरेल चोपडायचं आणि पुढच्या आंब्याला हात घालायचा. माझ्या हातावरही दरवर्षी डाग पडायचे आणि पावसाळ्याच्या आत जायचे. त्या वर्षी एक गेला नाही.

तो कोपराच्या लवणीत होता. आधी चिंचोक्याएवढा, मग सुपारीएवढा, मग चांगला विड्याच्या पानाएवढा झाला. लाल, खरखरीत, मधूनच पाणी सुटायचं, ते सुकलं की खपली धरायची. आणि खाज! दुखऱ्या जागेला माणूस जपतो, खाजऱ्या जागेचा त्याला राग येतो. पाढे म्हणताना सतराच्या पाढ्यात ती यायची, भात कालवताना यायची, देवापुढे हात जोडले की हमखास यायची. खाजवलं की घटकाभर स्वर्ग, आणि मग नुसती आग.

"हात मागे!" काकू ओरडायची आणि मनगटावर चापट बसायची. "खाजवून खरूज काढशील मेल्ये. पुढल्या वर्षी तुला बघायला माणसं येतील. चारचौघांत अशी खरखरा खाजवायला लागलीस तर ओसरीवरनंच परत जातील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मूठ झाकण्यासाठी मला जाड कापडाची, मनगटापर्यंत बाह्यांची चोळी शिवली. वैशाखातला तो उकाडा आणि आत घामाने भिजलेला हात! चट्टा आत बसून मजेत पसरला.

आईचं औषध वेगळं होतं. "सोस गो बाय. सोसलं की बरं होतं." आमच्या घरात सोसणं हा मोठा गुण. काकूने मूल नसणं सोसलं होतं, आईने नवरा मुंबईला असणं सोसलं होतं. मला वाटलं, आता माझी पाळी. आधी मी न खाजवायला शिकले, मग खाजतंय असं न म्हणायला. आई विचारायची, "खाजतं काय गो?" मी म्हणायची, "नाय." की ती तोंडावरून हात फिरवून म्हणायची, "शहाणी माझी बाय." ह्या शहाणपणाची चटक लागली मला. आणि दुपारी सगळी कलंडली की मी परसात जायची. तिथे जांभ्याच्या गडग्याचा, म्हणजे कुंपणाच्या भिंतीचा, एक कोपरा आमच्या म्हशीने अंग घासून घासून गुळगुळीत केला होता. त्याच्या बाजूचा खडबडीत दगड माझा.

काकूने एक दिवस बिब्बा लावला. "विषाला विष," ती म्हणाली. सुईवर टोचून बिब्बा दिव्यावर धरला आणि तेल सुटल्यावर चट्ट्यावर फिरवला. मी तोंडात पदर कोंबला आणि सोसलं. हातावर फोड आले, ते फुटले, आणि आठ-दहा दिवसांनी खाली जी कातडी आली ती जाड होती आणि पांढुरकी. काकूने ती बघितली आणि बोलता बोलता थांबली. काकू बोलता बोलता थांबते हेच मी पहिल्यांदा बघत होते.

आता व्हाळाबद्दल सांगायला हवं. आमच्या बागेच्या खालून एक व्हाळ जातो. उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी, पावसात माणूस वाहून नेणारा. त्याच्या पलीकडे एक खोप होती आणि तिच्यात बाबांची आत्या राहायची. आम्ही सगळे तिला ताईआत्या म्हणायचो, पण म्हणण्याची वेळ फारशी यायची नाही. त्या मोसमाच्या बारा वर्षं आधी तिच्या अंगावर चट्टे आले आणि तिला तिकडे नेऊन ठेवलं. त्या रोगाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. कुणाला तो झाला असं ऐकलं तर आई म्हणायची, "गेला बिचारा व्हाळापलीकडं." मला कितीतरी वर्षं तेच रोगाचं नाव वाटायचं.

रोज दुपारी आई किंवा मी तिचं जेवण घेऊन जायचो. अलीकडच्या काठावर एक सपाट दगड होता, त्यावर भाताचं केळीचं पान ठेवायचं, हाक मारायची आणि वीस पावलं मागं सरायचं. खोपीच्या खांबाला पाठ घासत ती बसलेली असायची. हाक ऐकून उठायची, दगडापाशी यायची आणि दर वेळी काहीतरी विचारायची. "आंबा उतरवलात काय गो?" "तुझी आई बरी हाय?" मी लांबूनच मान हलवायची. तिचा चेहरा मला नीट आठवत नाही. तिच्या हातांपलीकडे मी वर बघायचीच नाही.

बिब्ब्यानंतर चार दिवसांनी आईने माझ्या चोळीची बाही वर केली आणि विचारलं, "खाजतं काय गो?"

"नाय."

दर वेळी तोंडावरून फिरणारा हात ह्या वेळी आला नाही. ती पुन्हा म्हणाली, "अजिबात नाय? खरं सांग."

"अजिबात नाय," मी ताठ मानेने सांगितलं. आईच्या तोंडावरचा रंग उतरला. माझं काय चुकलं ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिने मला देवघरासमोर पाटावर बसवलं. काकू शेजारी उभी. आई म्हणाली, "डोळे मिट. हलू नको." आमच्याकडे काटा काढताना, तेल लावताना, वेणी घालतानासुद्धा 'हलू नको' म्हणत. मी डोळे मिटले. कोपरात काहीतरी टोचलं. जाड कातडीत ते फार लागलं नाही, पण लागलं. पुन्हा टोचलं, जोरात. ओरडावंसं वाटलं, पण हलू नको म्हटलं होतं. मी ओठ घट्ट मिटले आणि दगडासारखी बसून राहिले. डोळे उघडले तेव्हा आईच्या हातात सुई होती आणि ती काकूकडे बघत होती. मी कौतुकाची वाट बघत होते.

मग दाराआडून मी ऐकलं. लहान मुलांनी ऐकू नये ते त्यांना बरोबर ऐकू येतं.

"ताईआत्याला बी असाच पांढरा चट्टा होता," काकू म्हणत होती. "बोट बंद व्हायच्या आत भावजींना पत्र घाल. एकदा पाऊस लागला की कोण येतंय नि कोण जातंय."

"अकरा वर्साची पोर ती. एकटी कशी ऱ्हाईल?" आईचा आवाज ओळखू येत नव्हता.

"एकटी कशाला? ताईआत्या हाय की तिकडं."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. त्यात काकूला दुष्टपणा करायचा नव्हता. ती रडत होती. मी हुंदके ऐकले. त्या रात्रीपासून माझं ताट ओळीतून उचलून खांबाजवळ मांडलं गेलं.  दोन दिवसांनी काकांनी बांबू तोडून आणले आणि परसात गडग्याला टेकवून ठेवले. कदाचित ते गोठ्याच्या पडवीसाठी असतील. पण मी ते बांबू मोजत बसायची: हे चार खांब, हे दोन आडवे, ह्या कामट्या. माझं घर मी परसात आडवं पडलेलं बघत होते.

तुम्ही म्हणाल, मग सांगून का टाकलं नाहीस, की बायांनो, मला खाजतं, खाजून जीव जातो? पण खाजवल्यानेच रोग वाढतो असं काकूनेच सांगितलं होतं. मी रोज दुपारी गडग्याला हात घासला होता. म्हणजे हा रोग मीच ओढवून घेतला, असं मला वाटत होतं. आणि खोटं बोलले ते वेगळंच. चोराच्या मनात चांदणं! मी जितकी घाबरायची तितकं घट्ट म्हणायची, "नाय खाजत." आणि मी जितकं घट्ट म्हणायची तितकी आई घाबरायची.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. मिरकरवाड्याहून डोक्यावर टोपली घेऊन एक खारवीण आमच्या वाडीत मासे विकायला यायची, चंद्राबाय. उंच, काळीसावळी, आणि आवाज असा की व्हाळापलीकडे ऐकू जावा. ती परसातल्या वाटेने यायची. एके दुपारी मी गडग्याला कोपर घासत होते, डोळे मिटून, दात आवळून, आणि मागून हसण्याचा गडगडाट ऐकू आला.

"अगो बाय माझे! म्हस काय गो तू?"

मी हात लपवला. तिने टोपली गडग्यावर ठेवली, माझा हात धरून बाही वर केली आणि चट्ट्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही हात सोडून पळेल. पळाली नाही. मिठाने तडकलेल्या त्या हातांनी तिने माझा हात तसाच धरला आणि मला ओढत मागल्या दारी नेलं.

"वयनी, हिच्या हाताला काय लावा तरी! पोरीनं गडगा झिजवलान."

आई तांदूळ निवडत होती. सूप तिच्या हातातून पडलं. "काय म्हणालीस?"

"म्हशीवानी घासते हात. मी चार दिवस बघतंय."

आई उठून माझ्यापुढे आली. कधी जन्मात शिवी न देणारी माझी आई माझे दोन्ही खांदे धरून म्हणाली, "तुला खाजतं? बोल मेल्ये! खाजतं तुला?"

मी चंद्राबायकडे बघितलं, बांबूंकडे बघितलं. आणि मग सोसणं संपलं. "खाजतं," मी म्हटलं. "लय खाजतं. रोज खाजतं. सुईबी लागली. तू हलू नको म्हणालीस."

आई मटकन खाली बसली, सांडलेल्या तांदळातच. ती हसत होती की रडत होती ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काकू आतून आली, तिने ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला उलटा हुकूम सोडला, "खाजव बघू! माझ्यासमोर खाजव!"

दुसऱ्या दिवशी दोघी मला रत्नागिरीला एका म्हाताऱ्या वैद्यांकडे घेऊन गेल्या. त्यांनी सुई काढली नाही. कोंबडीचं एक पीस घेतलं. "पोरी, डोळे मिट, आणि लागेल तिथे बोट ठेव. हवं तेवढं हल." पीस चट्ट्यावर टेकलं आणि मी गुदगुल्यांनी हसले. ते म्हणाले, "बाई, ज्याची तुम्हाला भीती आहे तो रोग मुका असतो. तो येतो ते कळत नाही, टोचलं तर कळत नाही, भाजलं तर कळत नाही. हा बघा किती बडबडा आहे. हे इसब. आंब्याच्या चिकाने जागं केलं आणि बिब्ब्याने चिडवलं."

"बरं होईल?" आईने विचारलं.

"कमी होईल. पण हा पाहुणा आहे, मोसमाला यायचा. आला की पाट द्यावा, घर देऊ नये."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून काकू जरा नाराज झाली, कारण त्यात औषध असं काही नव्हतंच. आंब्याच्या चिकाजवळ जायचं नाही. साबण नाही, डाळीचं पीठ. कढत पाण्याने अंघोळ नाही, कोमट. अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत खोबरेल चोळायचं, दिवसातून दोनदा. ती जाड चोळी फेकून द्यायची आणि जुन्या लुगड्याचं मऊ सूत वापरायचं. नखं दर चार दिवसांनी कापायची. बिब्ब्याचं नाव काढायचं नाही. "आणि सगळ्यात मोठं पथ्य," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "खाजलं की आईला सांगायचं. ती ओला गार पंचा ठेवील. सोसायचं नाही. सोसून सोसून माणूस मुका होतो."

तो पावसाळा मी सांगत सुटले. "आये, खाजतंय." आई चुलीपुढून उठायची, पंचा पिळून कोपरावर ठेवायची. दिवसाला दहादा. कधी खाजत नसलं तरी सांगायची, नुसती ती येते का बघायला. ती यायची. नारळी पौर्णिमेपर्यंत चट्टा पुन्हा सुपारीएवढा झाला. माझं ताट तर वैद्यांकडून आल्या रात्रीच ओळीत आलं होतं. बांबूंची गोठ्याला पडवी झाली.

इथे लेख संपवता आला असता तर बरं झालं असतं.

वैद्यांकडून परत येतानाच, सड्यावर, मला ते आठवलं होतं. खोपीच्या खांबाला घासली जाणारी पाठ. दगडावरचं पान उचलायच्या आधी एका हाताने दुसरा हात खसाखसा ओरबाडणारी ताईआत्या. आणि तिची बोटं, बारा वर्षांनंतरही दहाच्या दहा शाबूत. तिला खाजत होतं. बारा वर्षं तिला खाजत होतं, आणि ते बघायला माझ्याशिवाय कुणी थांबलं नव्हतं. आई तर पान ठेवून पाठ फिरवायची.

मी सांगितलं नाही. मला फक्त भीती वाटत होती. माझं ताट नुकतंच ओळीत आलं होतं. तिचं नाव काढलं तर सगळे पुन्हा माझ्या कोपराकडे बघतील, असं वाटलं. उद्या सांगू, म्हटलं. मग पाऊस लागला. श्रावणात व्हाळाला तीन दिवस असा पूर होता की अलीकडचा दगडसुद्धा दिसत नव्हता. चौथ्या दिवशी काका पलीकडे गेले आणि मान खाली घालून परत आले. काकू म्हणाली, "सुटली बिचारी." मी तेव्हाही गप्प बसले. कदाचित तिला खरंच तो रोग असेल. कदाचित दोन्ही असेल. मी वैद्य नाही. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे.

काल दुपारी माझी कुसुम, सात वर्षांची, आढीतले आंबे दाबून बघत होती. मी हाक मारली तर तिने उजवा हात पाठीमागे घेतला. मी तो हात पुढे आणला. कोपराच्या लवणीत लाल, खरखरीत, चिंचोक्याएवढा. माझ्या पायाखालची जमीन सरकली. इसब आहे, दुसरं काही नाही, हे मला ठाऊक असूनसुद्धा सरकली.

"खाजतंय का गं?" मी विचारलं. माझा आवाज माझ्या आईचा होता.

कुसुमने माझ्या तोंडाकडे बघितलं. तिथे काय दिसलं कोण जाणे. तिने ताठ मान केली आणि म्हणाली, "नाही."

मी तिला काही समजावलं नाही. तिच्या शेजारी आढीपाशी खाली बसले, पदर बाजूला केला आणि तिच्यादेखत माझा डावा कोपर खाजवला. खसाखसा, लाज सोडून, म्हशीसारखा. ती डोळे विस्फारून बघत राहिली.

"आई, तुला पण?"

"मला पण. सोळा वर्षं झाली."

तिचा चेहरा हळूहळू ढिला पडला.  "आई, खाजतंय गं. खूप खाजतंय."

मी उठले, पंचा ओला केला, पिळला, तिच्या कोपरावर ठेवला.  मग म्हटलं, "पुन्हा सांग. मोठ्याने सांग."